गळ टाकण्याआधी

मराठी भाषेने मासेमारीवर जेवढे प्रेम केले, तेवढे मराठी पांढरपेशाने कधीच केले नाही. आपण गिऱ्हाईक गळाला लावतो, मतदाराला आमिष दाखवतो, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये असा उपदेश करतो, आणि माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावे लागत नाही असे म्हणून शेजाऱ्याच्या कर्तबगार मुलाचे कौतुक करतो. परंतु प्रत्यक्ष काठी घेऊन तळ्यावर जाऊन बसलेला कारकून, शिक्षक किंवा बँकेतला अधिकारी पाहिला, की आपल्या भुवया वर चढतात. 'हे काय, घरी काही उद्योग नाही वाटतं?' असा प्रश्न तोंडावर येतो, आणि सभ्यपणामुळे तो ओठांतच विरतो.

मी मराठीचा अधिव्याख्याता. काठी आणि रीळ यांवर मी लिहावे, याचे वाचकांपैकी कित्येकांना नवल वाटेल. पण खरे सांगायचे तर या विषयाची वाट मराठीच्या अभ्यासातूनही जाते. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आम्हां मराठीवाल्यांना ठाऊक असतो, तो त्यात आलेल्या जुन्या मराठी ओळींमुळे. एम. ए. च्या परीक्षेपुरते तेवढे पाठ करून आपण ग्रंथ मिटतो. पण तोच ग्रंथ जरा पुढे चाळला, तर राजाच्या करमणुकींत 'मत्स्यविनोद' असे एक प्रकरणच सापडते. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, गळाने त्यांना धरण्याची रीत, यांचा विचार राजाने मोठ्या आवडीने केला आहे. म्हणजे गळाने मासे धरणे हा छंद साहेबाने आपल्याला शिकवला, असे समजण्याचे कारण नाही. आणि 'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थच मांस. 'निरामिष' भोजन त्याच्याच उलट. तेव्हा गांडूळ लावलेला गळ हा शब्दशः आमिष लावलेला गळ होय. निवडणुकीच्या भाषणात आपण तो शब्द वापरतो तो लक्षणेने.

कोकणात या उद्योगाला स्वतंत्र क्रियापदच आहे : गरवणे. गळाला तिकडे गरी म्हणतात, आणि गरीने मासे धरणे ते गरवणे. माझे आजोळ वाशिष्ठीच्या खाडीकाठचे. मामा संध्याकाळी भरतीची वेळ पाहून गरवायला निघत, आणि आम्ही भाचरे कोलंबीचा डबा घेऊन मागे. त्यांच्याजवळ वेळूची काठी, तंगूस आणि शिशाचा एक तुकडा एवढेच भांडवल. रीळ त्यांनी जन्मात वापरले नाही आणि मासेही त्यांनी कधी विकत आणले नाहीत. पण मामांची गोष्ट वेगळी. खाडीचा प्रत्येक कोपरा त्यांना पाठ होता. आपण शहरातली माणसे. रविवारचे चार तास, अनोळखी पाणी आणि सोबत एखादे उत्सुक पोर. आपल्याला हत्याराची थोडी मदत लागते.

अलीकडे तर ही चौकशी फार वाढली आहे. दिवाळीचा बोनस हाती आला, की आमच्या ओळखीतला कोणी ना कोणी विचारतोच : 'सर, मुलाला काठी आणि रीळ घ्यायचं आहे. जोडीनं मिळतं म्हणतात. स्वस्तातलं पण चांगलं कुठलं?' या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. म्हणून हा लेख.

स्वस्त म्हणजे किती स्वस्त?

प्रथम एक हकीकत सांगतो. आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांनी आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी एका प्रदर्शनातल्या दुकानातून काठी, रीळ, दोरी, गळ, बूच असा सगळा संच सहाशे रुपयांत आणला. मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत शिकवणाऱ्या माणसाला एवढी स्वस्ताई मोहात पाडणार नाही तर कोणाला? नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे एका तलावाच्या बांधावर गेलो. कणकेच्या गोळीवर मुलीने तीन लहान मासे काढले, आणि तिन्ही कौतुकाने पाण्यात परत सोडले. चौथ्या खेपेला काठी एकदम वाकली. मोठा मासा होता, बहुधा कटला. अशा वेळी रिळाने कुरकुर करीत थोडी थोडी दोरी सोडावयाची असते. हे रीळ मात्र गच्च बसले. क्षणभर दोरी तारेसारखी ताणली गेली आणि फट्‌कन तुटली. मासा गेला, आणि जाताना तोंडात गळ आणि मागे पाच-सात हात दोरी घेऊन गेला.

मुलगी रडली. मासा सुटला म्हणून रडत असेल असे आम्हांला वाटले. पण ती वडिलांना म्हणाली, "बाबा, तो आता जेवणार कसा?"

माझे स्नेही बोलके गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी परतीच्या प्रवासात ते एक शब्द बोलले नाहीत. मुलीने पुढे वर्षभर काठीला हात लावला नाही.

मला या विषयात जे काही सांगायचे आहे ते सगळे या प्रसंगात आहे. कमी पैशांत चांगली वस्तू घेणे हा मध्यमवर्गाचा हक्क आहे, किंबहुना ती आपली कलाच आहे. पण इथे वाईट वस्तूचा तोटा केवळ खिशाला होत नाही. तो मुलाच्या उत्साहाला होतो, आणि पाण्यातल्या मुक्या जिवालाही होतो. तेव्हा काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, एवढे समजले म्हणजे काम झाले.

आधी मासा, मग काठी

दुकानात शिरण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी कोठे बसणार आणि काय धरणार? लग्नाला निघालेला माणूस आणि शेतावर निघालेला माणूस एकच वहाण घालीत नाही.

गोड्या पाण्यात, म्हणजे तलावात किंवा संथ नदीत रोहू, कटला, मृगळ, चिलापी, शिंगटा हे मासे सर्वसाधारणपणे भेटतात. यांच्यासाठी सात फुटांच्या आसपासची, मध्यम ताकदीची काठी पुरे. दगडांतून आणि शेवाळातून मरळ काढायची असेल तर काठी जरा दणकट हवी, कारण मरळ गळाला लागली की गवतात घुसते. खाडीत जिताडा किंवा तांबोशी यांच्या वाटेला जाणाराने रीळही मोठे आणि दोरीही जाड घ्यावी. समुद्राच्या पुळणीवरून लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा म्हणजे दहा फुटांच्या पुढची लांब काठी लागते; ती नवशिक्याने आणि मुलाने घेऊ नये. लहान मुलाला पाच-साडेपाच फुटांची काठी झेपते. बापाच्या मापाची काठी मुलाच्या हाती देणे म्हणजे बापाचा कोट मुलाला चढवण्यासारखे आहे.

ज्याला एकच संच घेऊन सगळीकडे फिरायचे आहे, त्याने सात फुटी, दोन तुकड्यांची, मध्यम ताकदीची काठी घ्यावी आणि शंका सोडून द्यावी. दोन तुकड्यांची काठी एस.टी.त, लोकलमध्ये आणि चाळीच्या जिन्यात सारखीच सोयीची. दुर्बिणीसारखी एकात एक सरकणारी काठी पिशवीत मावते, म्हणून तिचा मोह पडतो. पण तिच्यात सांधे जास्त, आणि वाळूचा कण एखाद्या सांध्यात गेला की ती ना धड उघडत ना धड मिटत. स्वस्त मालात तर हा धोका अधिकच.

काठीवरचे अक्षर वाचा

मुठीच्या थोडे वर, काठीच्या अंगावर बारीक अक्षरांत काही मजकूर छापलेला असतो. बहुतेक गिऱ्हाइके तो वाचतच नाहीत. आम्ही भाषेची माणसे असल्यामुळे म्हणा, मी प्रथम तोच वाचतो. त्यात काठीची लांबी असते, ताकद असते, किती पौंडांची दोरी चालेल ते असते आणि किती ग्रॅम वजनाचे आमिष फेकता येईल तेही असते. दोरी आठ ते बारा पौंड, आमिष दहा ते तीस ग्रॅम, असे काहीसे वाचायला मिळाले, तर ती आपल्या कामाची. ज्या काठीवर एक अक्षरही छापलेले नाही, ती जन्मदाखला नसलेली समजावी आणि ठेवून द्यावी.

दुसरी गोष्ट काठी कशाची केली आहे. वेळूचा जमाना मागे पडून दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूच्या काठ्या आल्या, आणि १९७० नंतरच्या दशकात कार्बनच्या. काचतंतूची काठी थोडी जड आणि मऊ, पण सोशिक. दारात सापडली, जिन्यावर आपटली, मुलाने तिची तलवार केली, तरी ती बहुधा टिकते. कार्बनची काठी हलकी. माशाने आमिषाला नुसते हुंगले तरी हाताला कळते. पण एखादा कठीण टोला बसला की आतून दुखावते आणि पुढे केव्हातरी ऐन वेळी मोडते. नवशिक्याला आणि मुलाला काचतंतूची किंवा दोहोंच्या मिश्रणाची काठी बरी.

कार्बनविषयी आणखी एक गोष्ट, आणि ती गंभीरपणे वाचावी. कार्बनमधून वीज वाहते. कालव्याच्या आणि तलावाच्या काठाने पुष्कळ ठिकाणी विजेच्या तारा गेलेल्या असतात. त्यांच्याखाली उभी काठी घेऊन चालणे किंवा गळ फेकणे हा प्राणाशी खेळ आहे. तारा दिसल्या की काठीचे दोन तुकडे करून ती आडवी धरावी आणि तिथून दूर जावे. आभाळात वीज चमकू लागली, तर काठी कोणतीही असो, ती खाली ठेवून घर गाठावे. हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवले पाहिजे.

आता काठीची प्रत्यक्ष परीक्षा. ती जोडून, एक डोळा मिटून, बंदुकीसारखी पाहावी. सगळ्या कड्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत. जितके फूट लांबी तितक्या कड्या आणि टोकाची एक वेगळी, असा साधारण ठोकताळा आहे. याहून फार कमी असतील तर दोरीचा ताण काठीवर सारखा वाटला जात नाही. मग घरातून नेलेला कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. कापूस अडकून धागे निघाले, तर तिथे चीर आहे असे समजावे. तीच चीर पुढे दोरी कापते. दुकानदार तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहील. पाहू द्यावे. आपण भाजीवाल्याकडे भेंडीचे टोक मोडून पाहतोच की नाही?

रिळाचे अंतरंग

रीळ हा शब्द आपल्या घरात आधीपासूनच आहे, शिवणकामाच्या डब्यात. आणि गंमत अशी, की आज सर्वाधिक वापरात असलेल्या मासेमारीच्या रिळाचा जन्मही कापडाच्या धंद्यातूनच झाला. इंग्लंडातील ब्रॅडफर्डकडच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ नावाच्या गिरणीमालकाने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. गिरणीतल्या चातीवरून सूत कसे सुटते, हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले. दोऱ्याचे रीळ टेबलावर उभे ठेवा आणि दोरा वरच्या दिशेने ओढा. रीळ जागचे हलत नाही आणि दोरा मात्र वेटोळ्यावेटोळ्याने भराभर सुटत जातो. हेच ते तत्त्व. फेकताना स्पूल स्थिर राहते, म्हणून दोरीचा गुंता कमी होतो.

दुसरा प्रकार पतंगाच्या फिरकीसारखा. दोरी सुटते तेव्हा फिरकीही गरगर फिरते. आमिष पाण्यात पडून थांबले तरी फिरकी फिरतच राहते, आणि मग जो गुंता होतो तो सोडवताना रविवार संपतो. अंगठ्याने तिला लगाम घालण्याची सवय झालेल्यांच्या हाती हे रीळ फार नेमके काम करते. पण पहिले रीळ म्हणून ते घेऊ नये.

तिसरा प्रकार झाकणाचा आणि बटणाचा. तो निघाला अमेरिकेत, १९४९ साली, आणि बनवला तेलविहिरींसाठी सुरुंगाचे बाँब तयार करणाऱ्या कंपनीने! वाण्याच्या दुकानात पुडी बांधताना रिळावरून सुतळी कशी सुटते, हे पाहून एका कारागिराला ही युक्ती सुचली, असे सांगतात. लहान मुलांना हे रीळ सोपे जाते. मात्र लांब फेक आणि दणकट मासा, दोन्हीही त्याच्या आवाक्याबाहेर.

तेव्हा पहिला प्रकारच आपला, ज्याला दुकानदार स्पिनिंग रीळ म्हणतो. त्याच्यावर आकाराचा आकडा असतो. सात फुटी मध्यम काठीला २५०० किंवा ३००० आकड्याचे रीळ जुळते. मुलाच्या लहान काठीला १००० किंवा २०००. खाडीच्या कामाला ४०००. लहान काठीवर मोठे रीळ म्हणजे पोरीच्या पाठीवर बापाचे दप्तर. हात तासाभरात भरून येतो.

जाहिरातीत बेअरिंगच्या संख्येचा मोठा गाजावाजा असतो. दहा आहेत, बारा आहेत, तेरा आहेत! त्याला भुलू नये. चांगली तीन-चार बेअरिंग वाईट बारांपेक्षा केव्हाही बरी. दुसरा आकडा दिसतो तो ५.२ : १ असा. त्याचा अर्थ एवढाच, की मूठ एकदा फिरवली म्हणजे दोरी गुंडाळणारा भाग पाच पूर्णांक दोन दशांश वेळा फिरतो. पाचाच्या आसपासचा आकडा सर्व कामाला चालतो.

खरी परीक्षा हाताने करावयाची. मूठ सावकाश फिरवा. करकर किंवा खडखड जाणवता कामा नये. मूठ उलट फिरवून पाहा. ती जागच्या जागी अडली पाहिजे, हातभर मागे जाता कामा नये. दोरी पकडणारी तारेची कमान उघडून मिटा. तिने टक्‌ असा स्वच्छ आवाज केला पाहिजे. रीळ काठीवर बसवून घट्ट करा आणि हलवून पाहा. तिथे ढिलाई असेल तर ती जोडी कितीही सुंदर दिसो, जुळणारी नव्हे. लग्न जमवताना आपण पत्रिका पाहतो. इथे निदान खाचा तरी पाहाव्यात.

ड्रॅग आणि पाण्याची बाटली

आता सर्वांत महत्त्वाचे. स्पूलच्या डोक्यावर जी चकती फिरवता येते, ती ड्रॅगची. मासा दोरीच्या ताकदीपेक्षा जास्त ओढू लागला, की दोरी तुटण्याऐवजी ती घसरत सुटावी, ही ड्रॅगची कामगिरी. माझ्या स्नेह्यांच्या रिळाने दगा दिला तो नेमका इथे. स्वस्त रिळातला ड्रॅग एक तर अजिबात सुटत नाही, किंवा हिसक्याहिसक्याने सुटतो. तो प्रत्येक हिसका दोरीवर घाव घालतो.

ड्रॅग किती घट्ट असावा? दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश. दहा पौंडांची दोरी म्हणजे सुमारे साडेचार किलोची. तेव्हा ड्रॅग साधारण सव्वा ते दीड किलोवर सुटला पाहिजे. हे मोजायला यंत्र नको, घरातली पाण्याची बाटली पुरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. एक लिटरची भरलेली बाटली दोरीला बांधून रिळावरून थेट उचला. ती न घसरता लोंबकळली पाहिजे. मग तिला अर्ध्या लिटरची आणखी एक बाटली जोडा. आता दोरी सावकाश, एकसारखी, न अडखळता सुटू लागली पाहिजे. एवढे साधले, की मासा सुरक्षित, दोरी सुरक्षित आणि आपली अब्रूही सुरक्षित.

त्या मुलीने पुढच्या वर्षी नवे रीळ घेतल्यावर ही परीक्षा स्वतः घरी केली. आज तिच्या बाबांना काठी हाती घ्यायची असेल, तर आधी बाटल्या भरून द्याव्या लागतात. मासा दोरी ओढून नेत असताना मूठ फिरवीत राहू नये, कारण त्याने दोरीला पीळ पडतो, हेही ती त्यांना दर खेपेस बजावते.

दोरी : संचातला कच्चा दुवा

जोडीने मिळणाऱ्या संचात रिळावर दोरी आधीच गुंडाळलेली असते, आणि नव्वद हिश्शांनी तीच फसवते. किती दिवस दुकानाच्या काचेत ऊन खात पडलेली असेल कोण जाणे. नायलॉनचा शोध अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने १९३८ साली जाहीर केला, आणि त्या धाग्याने पुढे साऱ्या जगातल्या मासेमाराचे जीवन पालटले. पण उन्हाने नायलॉनचा दम जातो, हा त्याचा स्वभावच आहे. म्हणून माझा सल्ला असा, की संचातली दोरी खुशाल काढून टाकावी आणि आठ ते दहा पौंडांची नवी तंगूस भरावी. स्पूलच्या कडेपासून दोनएक मिलिमीटर खाली राहील इतकीच. जास्त भरली तर वेटोळी आपोआप सुटतात. कमी भरली तर फेक आखूड पडते.

गाठ मारताना ती ओढण्यापूर्वी थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. कोरड्या गाठीत घर्षणाने ऊष्णता निर्माण होते आणि नायलॉन तिथेच दुबळा पडतो. आणि काढून टाकलेली दोरी काठावर कधीही फेकू नये. बगळ्याच्या आणि पाणकावळ्याच्या पायांत ती अडकते, आणि त्यांना ती सोडवता येत नाही. बारीक तुकडे करून घरच्या कचऱ्यात टाकावी.

पैशाचा हिशेब

आता गृहिणी विचारतील, याला किती? आमच्या सौभाग्यवतींनीही तेच विचारले होते. माझा ठोकताळा असा : एकूण तीन हजार रुपये काढून ठेवले असतील, तर त्यांतले निम्मे, म्हणजे दीड हजार, रिळावर घालावेत, हजार काठीवर, तीनशे नव्या दोरीवर, आणि दोनशेंत गळ, शिसे आणि बूच. अंदाजपत्रक लहानमोठे झाले, तरी प्रमाण हेच ठेवावे. काठी साधी असली तरी निभते, रीळ वाईट असले तर निभत नाही. तयार जोडी घेतली तर थोडे पैसे वाचतात, आणि काठी व रीळ एकमेकांना जुळण्याची काळजी कारखानदाराने वाहिलेली असते. पण वर सांगितलेल्या परीक्षा जोडीलाही चुकत नाहीत. घरपोच मागवली असेल, तर परत देण्याची मुदत संपण्याच्या आत कापूस आणि बाटली यांचा प्रयोग उरकून घ्यावा. ज्या संचात रंगीबेरंगी आमिषांचे शंभर नग भरले आहेत आणि रिळाची मात्र माहितीच नाही, त्याच्याकडे पाहूही नये. त्यात किंमत डब्याची असते.

वस्तू आणली म्हणजे सांभाळावीही लागते. खाऱ्या पाण्यावरून आल्यावर काठी आणि रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवावे. नळाची जोरदार धार रिळावर सोडू नये, कारण तिने मीठ आणि वाळू आतच शिरतात. वाळल्यावर मुठीच्या आणि कमानीच्या सांध्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्यावा. ड्रॅगच्या चकत्यांना मात्र हे तेल लावू नये. ठेवून देताना ड्रॅग सैल करावा. एवढ्याने हजार-दीड हजारांचे रीळही वर्षानुवर्षे साथ देते.

पाण्याचे मालक आपण नव्हे

शेवटी, सगळी सामग्री घेऊन निघण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. आपल्या राज्यातल्या पुष्कळ तलावांत मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्या माणसांचे पोट त्या पाण्यावर आहे; त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकणे शोभत नाही. मुंबईकरांना पवईच्या तळ्यावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिथे नियम समजतात आणि जाणत्या माणसांची संगतही लाभते. पवईच्या तळ्यात काय आणि आमच्या वाशिष्ठीत काय, मगरी आहेत, हे विसरून पाण्यात पाय सोडून बसू नये.

पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. कोकणात त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. ते दिवस काठी भिंतीला टेकवून ठेवण्याचे. आणि नदीत कधी भाग्याने मोठ्या सोनेरी खवल्यांचा महसीर लागलाच, तर त्याला ओल्या हाताने धरून, गळ काढून, सावकाश पाण्यात सोडावे. हा मासा आपल्या घरचा आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महसीर पाहून १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि आज त्या नदीचे काय झाले आहे ते पुणेकरांनी पुलावर उभे राहून पाहावे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पिल्ले गेली कित्येक दशके मुद्दाम वाढवली जात आहेत. महाडकडे वाळणकोंडीला देवाचे मासे म्हणून लोक त्यांना चुरमुरे घालतात, गळ टाकीत नाहीत. गळ केव्हा टाकू नये, हे समजणे हाही मत्स्यविनोदाचाच भाग आहे.

तर मंडळी, यंदा दिवाळीत चिरंजीवांनी किंवा कन्येने काठीचा हट्ट धरला, तर एकदम नाही म्हणू नका, आणि एकदम पहिली दिसेल ती आणूही नका. खिशात कापसाचा बोळा आणि मनात बाटलीचा हिशेब घेऊन दुकानात जा. मुलाला बरोबर न्या. मूठ त्याला फिरवू द्या, कड्या त्याला मोजू द्या. मग भाऊबीज उरकली, की एखाद्या सकाळी डबा बांधून तळ्यावर जाऊन बसा. मासा मिळेलच असे नाही. पण थंडीतल्या त्या पाण्यावर धुके उठताना, बुचावर नजर लावून, शेजारी बसलेले आपले मूल तासभर न बोलता, न कंटाळता आपल्याबरोबर बसले आहे, असा योग शहरातल्या आईबापांना वर्षातून कितीदा येतो?